बारशाआधीचे अठरा दिवस

देवाधर्माच्या थाटामाटाला मी जन्मभर हसत आलो. इथे परदेशात, वेस्ट विंडसरमधल्या सत्यनारायणांना जायचो ते शिऱ्यासाठी. म्हणून कबूल करायला लाज वाटते, की स्वतःच्या मुलीच्या वेळी मी एका रूढीमागे लपलो.

वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नव्हतं, वाढ जवळजवळ थांबली होती. सव्विसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगी चारशे तीस ग्रॅमची. काचेच्या पेटीवर चिठ्ठी होती, 'बेबी गर्ल' आणि आमचं आडनाव.

"नाव ठेवूया ना रे," बायको म्हणाली.

"बारसं घरी गेल्यावर करू. रीतसर."

"तू? आणि रीतसर?" ती हसली, मग माझ्याकडे बघून तिने विषय सोडला. नाव ठेवलं की मुलगी आपली होणार, आणि मला आधी ती जगण्याची खात्री हवी होती.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दमली आहेत. खिडकीशी उभा राहून, कुणाला ते न ठरवता, मी पुटपुटलो, "आता काय करू, तेवढं तरी सांग."

"मराठी का?" मागून आवाज आला. विणलेल्या टोप्या वाटायला येणाऱ्या एक निवृत्त काकू. त्यांचा वार गुरुवार. गुरुवारी डोळ्यांची अपॉइंटमेंट होती म्हणून त्या आठवड्यात मंगळवारी आल्या होत्या. एवढंच. पिशवीतून संत्र्यावर बसेल एवढी टोपी काढत त्यांनी विचारलं, "नाव काय हिचं?"

"बारसं व्हायचंय."

"कधी?"

मी पेटीवरची चिठ्ठी सरळ करू लागलो.

"आत्या आहे इथे?"

"नागपूरला."

"मग आज मी आत्या. पेढ्यांचं नंतर बघू."

नर्सने पेटीची गोल खिडकी उघडली. पेटीशी बसलेल्या बायकोने मनात जपलेलं नाव काकूंना सांगितलं. काकूंनी वाकून अगदी हळू 'कुर्र' केलं आणि म्हणाल्या, "रेवा." मग मी हाक मारली. तिने डोळे वगैरे उघडले नाहीत. माझ्या बोटावर तिची बोटं होती, ती तिथेच राहिली.

रेवा आणखी चार दिवस होती. आम्ही इतक्या हाका मारल्या की नर्सही तिचं नाव नीट म्हणू लागली. या चार दिवसांसाठी मी ऋणी आहे. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही. काकू म्हणतात, "ठरवत बसू नका, नमस्कार करा." तेवढा रोज करतो, त्या टोपीपुढे. हाक मारताना हमी मागायची नसते, मुलीकडे नाही, देवाकडेही नाही. हे कळेपर्यंत तिने अठरा दिवस 'बेबी गर्ल' म्हणून काढले, आणि मी शेजारीच बसलो होतो.