दोन ढोलक्या आणि एक थकलेला लॅपटॉप

लॅपटॉपलाही जीव असतो आणि त्याला ताप चढतो, यावर माझ्या आतेभावाइतका गाढ विश्वास असलेला माणूस अख्ख्या भोईवाड्यात सापडणार नाही. एरवी हा शिवडीच्या एका गोदामात कारकून. पण नात्यात हळद असो की बारसं, डीजे आमचा दादाच. नुसती गाणी लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पडद्यावर चित्रही हवं, आणि एक व्हिडिओ दुसऱ्यात असा विरघळायला हवा की सांधा दिसता कामा नये. त्याचा लॅपटॉप मात्र इतका जुना, की दोन व्हिडिओ एकदम चालवले की पंखा घरघरायचा, चित्र अडखळायचं आणि गाणं उचक्या द्यायचं. मग हा इंटरनेट बंद करायचा, आणखी काय काय बंद करायचा, खालून वारा लागावा म्हणून त्याला दोन पालथ्या वाट्यांवर ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, "गे माये, आजचो दिस काढ." माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला तर त्याने मांडवातला एकुलता एक पंखा लॅपटॉपकडे वळवला. घामाने निथळणारी नवरी ओरडली, "दादा, लग्न माझंय की त्याचं?" हा शांतपणे म्हणाला, "तुला घाम पुसता येतो. ती बिचारी काय करणार?"

व्हिडिओ लहान करून घे, म्हणजे मशीनला झेपेल, असं त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तो ऐकायचा नाही. "लहान केला की माणसाचे डोळे पुसट होतात गं," म्हणायचा. मी हसायचे. त्याचं हे वेड मला आवडायचं, पण दुसऱ्यांच्या घरच्या कार्यात. आपल्या घरी ते निभावून न्यायची वेळ आली तेव्हा माझं प्रेम तोकडं पडलं.

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही परळमध्ये एक छोटा हॉल घेतला होता. त्याआधी महिनाभर दादा आमच्याकडे येऊन माझ्या लेकीला ढोलकी वाजवायला लावायचा आणि शूटिंग करून न्यायचा. कशाला, ते सांगायचा नाही. माझे बाबा ढोलकी वाजवायचे. लेक जन्मायच्या आदल्या वर्षी ते गेले. दादालाही ढोलकी त्यांनीच शिकवली. मामाचा हात, हा त्याचा नेहमीचा विषय. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच येऊन त्याने वाट्या मांडल्या. आईला ओवाळून झालं आणि पडदा उजळला. डावीकडे बाबा, त्यांच्या शेवटच्या गणपतीतल्या भजनात. उजवीकडे माझी लेक. दादाची बोटं दोन्ही बाजू सांभाळत होती, आणि कधीही न भेटलेले आजोबा आणि नात एका ठेक्यात वाजवत होते.

हे सगळं चाललं फार तर पंधरा सेकंद. मग बाबांचा हात वरच्या वर थांबला आणि स्पीकरमधून एकच थाप धा-धा-धा-धा करत सुटली. मागे कोणी तरी हसलं, मग बरेच जण हसले. पुढच्या रांगेत माझ्या सासरची माणसं होती. पडद्यावर बाबा होते, तरी मला दिसले ते हसणारे लोकच.

"दादा, बंद कर ते!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "आईचा कार्यक्रम आहे, तुझ्या डबड्याची प्रदर्शनं नकोत."

"एक मिनिट दे, बाय. सुटेल आता."

"नको. बंद कर."

त्याने वायर काढली. कोणी तरी मोबाइलवर गाणी लावली, पंगत बसली. दादा लॅपटॉप पिशवीत घालून न जेवताच निघून गेला होता, हे मला आइस्क्रीमच्या वेळी कळलं.

संध्याकाळी गजरा सोडताना आई म्हणाली, "बंद कशाला करायला लावलंस गं? अडकले होते, तरी समोर होते ना."

पुढच्याच रविवारी मी भोईवाड्याला गेले. दादाने चहा केला. मी माफी मागितली, तसा तो मलाच समजावल्यासारखं भरभर म्हणाला, "अगं, तुझं बरोबर होतं. मशीनला झेपत नाही ते लादू नये."

"मला तेवढं पुन्हा दाखव ना. सेव्ह केलेलं असेल."

"सेव्ह कसलं? ते हातानेच करायचं असतं. तिथल्या तिथे."

"मग आता कर. मी एकटीच बघते."

तो कप उचलून उठला. "बघू कधीतरी," म्हणाला.

ते कधीतरी अजून आलेलं नाही. बाबांचा व्हिडिओ त्याने मला पाठवून दिला. लेकीचा तर होताच. दोन्ही मी वेगवेगळे पाहते. एकत्र लावायचा प्रयत्नही करून पाहिला, पण थापेवर थाप बसत नाही. यंदा आईच्या वाढदिवसाला दुसरा डीजे आला, नव्या कोऱ्या मशीनसकट. काही म्हणजे काही अडकलं नाही. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यासारखा आला आणि मागच्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसला. मी त्याच्याजवळ गेले. त्याने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मला जागा करून दिली.