दुसरी रेघ

भिंतीला आधी कान लावायचा, मग हात. चहा उभ्यानेच प्यायचा. खडूचा तुकडा कायम वरच्या खिशात. हसला की शेजारच्याच्या पाठीत असा धपका घालायचा की त्याच्या डोळ्यांत पाणी यावं. घरातलं दार मात्र हळू लावायचा.

सगळे त्याला दणका म्हणत. तीस वर्षं तो जुन्या इमारती पाडत होता. भिंतीवर एक तिरकी रेघ म्हणजे घाला घण. फुली म्हणजे हात लावू नका, वरचा सगळा भार हिच्यावर आहे. त्याच्या माणसांना यापलीकडे काही सांगावं लागत नसे.

प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा त्याने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मूठ आपटली. पेला फुटला. बाईंनी काचा बाजूला सारल्या आणि समजावलं. चिरफाड नाही. गुदद्वारातून एक यंत्र घालायचं, ध्वनिलहरी एका ठिपक्यावर एकवटायच्या. तेवढंच तापतं, तेवढंच जळतं. आजूबाजूला शक्यतो इजा नाही.

"शेजाऱ्याचा कप न पाडता मधली भिंत पाडायची," दणका म्हणाला. "हे तर माझंच काम."

"दाजी, आवाजाने गाठ जळत असती," सोबत आलेला, त्याच्याच हाताखाली घण चालवणारा मेहुणा म्हणाला, "तर ताईने तुमची कधीच राख केली असती."

धपका बसला.

जुन्या छापखान्याच्या तळमजल्यावर तो खुणा करत होता, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. एका रुग्णाने तारीख सोडली होती, लगेच निघा. त्याने खडू खिशात टाकला.

दोन तासांत उपचार आटोपले. संध्याकाळी तो लघवीची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी घेऊन घरी आला. काही आठवडे जड उचलायचं नाही. तीन दिवस तो येईल त्याला शिव्या घालत पडून राहिला.

चौथ्या सकाळी खिसा चाचपताना खडू हाताला लागला आणि तो ताडकन उठून बसला. छापखान्याच्या मधल्या भिंतीवर त्याने फुलीची एकच रेघ ओढली होती.

मेहुणा फोन उचलेना.

"अहो, नळी आहे," बायको मागून ओरडत राहिली. तो खडू मुठीत धरून पळाला. नळीला हिसके बसले, पिशवी लाल झाली.

मेहुणा त्याच रेघेवर घण घालत होता. विटा दातांसारख्या निखळत होत्या. वर कुठेतरी करकरलं. ते फक्त दणक्याला ऐकू आलं. त्याने मेहुण्याच्या जबड्यावर ठोसा हाणला, दंड धरून त्याला उचललं आणि दाराबाहेर भिरकावलं.

मग छत आलं.

मेहुण्याने बोटांची सालटी निघेपर्यंत विटा उपसल्या. स्वतःच्या तोंडातलं रक्त पुसायचं भान त्याला नव्हतं. दणका सापडला तेव्हा छातीवर तुळई होती आणि मूठ मिटलेली. ती उघडायला दोन माणसं लागली. आत खडूचा भुगा होता. निम्मी भिंत अजून उभी होती आणि तिच्यावर ती एकच रेघ.