धुडकूकाका आणि ‘ऱ्हाऊ दे’

खरं म्हणजे हे मी सांगायचं नाही असं ठरलं आहे. काकाने एसटीत माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. पण तुम्ही काही आमच्या कळसाडीचे नाही, आणि काकाचे किस्से आता माझ्या एकटीच्या पोटात मावत नाहीत. दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत कापूस साठतो ना, तसं झालं आहे. रोज थोडा थोडा वेचून येतो, कोणाचं लक्ष नसतं, आणि एके दिवशी दार उघडायला जागा उरत नाही.

धुडकूकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वजन उचलण्यात आमच्या तालुक्यात त्याच्या जोडीचा कोणी नाही. रविवारी तो राज्याच्या निवडीसाठी पुण्याला जाणार आहे. आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला सांगून टाकलं आहे, "या टाइमले जमनं नही तर लोखंड सोड, आनि वावरमा ये." काका आप्पांना उलट बोलत नाही. म्हणजे रविवारी काय व्हायचं ते एकदाच, नाही तर शेत.

*

आमच्या मारुतीच्या पारावर दगडाचा नाल आहे. मधे धरायला मूठ कोरलेला, चांगला जड दगड. पोळ्याला गावातली तरणी मुलं तो डोक्यावर उचलतात. पण उचलणाऱ्याने आपल्या मनाने खाली ठेवायचा नाही, अशी पद्धत आहे. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी "ऱ्हाऊ दे" म्हणालं की मगच ठेवायचा. ऱ्हाऊ दे म्हणजे पुरे, पाहिलं आम्ही.

काकाने पहिल्यांदा नाल उचलला तेव्हा त्या म्हाताऱ्यांतले हिराबाबा आपल्या नव्या बैलाची हकीकत सांगत होते. बाजारातून येताना बैल रस्त्यात बसला, काही केल्या उठेना. हकीकत रंगली. बैल उठला, घरी आला, पेंडही खाऊन झाली. मग हिराबाबांचं वर लक्ष गेलं. हा केव्हापासून उभा आहे, त्यांना कळेना.

"अरे पोऱ्या, कवयपाशीन उभा शे तू?"

"बैल बठना तवयपाशीन," काका म्हणाला.

*

मी एकदा त्याला विचारलं, "काका, इतका वेळ धरून हात दुखत नाहीत?"

काका तेव्हा कापसाच्या ढिगात पडला होता. वजन उचलून झालं की तो तिथेच जाऊन पडतो. नुसतं नाक वर दिसतं.

"वर जावापर्यंत दुखस," तो म्हणाला. "मंग डोया मिटाना. वजन नही, हात नही, कायच नही. तापीना पान्यावर पडेल मानूस कसा वाहत जास, तशे."

"मग खाली कसा येतोस?"

त्याने नाकावरचा कापूस झटकला. "मी येस नही. कोनी तरी हाक मारनी पडस."

*

खरे लोखंडी बार आणि चकत्या काकाला फार उशिरा मिळाल्या. त्याआधी त्याने मोडक्या बैलगाडीचा आख घेतला आणि त्याच्या दोन टोकांना आजीच्या जात्याचे दोन दगड बांधले. आजी सकाळी ज्वारीची टोपली घेऊन आली, तर जात्याची जागा रिकामी. ती टोपलीसकट अंगणात गेली. काका डोळे मिटून उभा.

"धुडक्या, मन्हं जातं तुन्हा डोकावर शे. आते दळू कोठे?"

काकाचे डोळे मिटलेलेच.

"मंग भाकर बी वरच खाय," आजी म्हणाली आणि शेजारच्या घरी दळायला गेली.

*

धडगावच्या घाटातली गोष्ट मी काकाकडूनच ऐकली. तो जीपमधून चालला होता. चाक पंक्चर झालं आणि ड्रायव्हरला जॅक सापडेना. काका उतरला, त्याने मागची बाजू हातांनी उचलून धरली. आतले लोक उतरले नाहीत, कारण बाहेर ऊन होतं. ड्रायव्हर चाक काढून गवतात पडलेला नट शोधायला लागला. तो काही मिळेना. आत बसलेले एक मास्तर कंटाळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ, आम्ही पायी जातस."

काकाने जीप हळूच खाली ठेवली. बरोबर ड्रायव्हरने काढून ठेवलेल्या चपलेवर.

"तुले कोनी सांगं ठेवाले?" ड्रायव्हर ओरडला.

"मास्तरनी," काका म्हणाला.

मास्तर खाली उतरले आणि मग दोघांनी मिळून नट शोधला. ही गोष्ट सांगताना काका आधी हसायचा. धुळ्याच्या स्पर्धेनंतर त्याने ती सांगणं बंद केलं.

*

धुळ्याला माझे मामा राहतात, म्हणून स्पर्धेला मीही गेले होते. घरचं दुसरं कोणी नव्हतं. पंचांनी सगळ्यांना आधीच समजावलं होतं, "मी ‘डाऊन’ म्हणेपर्यंत वजन वरच ठेवायचं." काकाने मान हलवली. त्याला समजलं होतं, मी पाहिलं.

शेवटचं वजन होतं. ते दुसऱ्या कोणालाच उचलता आलं नव्हतं. काकाने ते डोक्यावर नेलं, कोपर सरळ केले आणि डोळे मिटले. सगळं शांत झालं. त्याचा चेहरा कापसात झोपलेला असतो तसा दिसायला लागला. पंच तोंड उघडणार, इतक्यात एक फोटोग्राफर कॅमेरा घेऊन पुढे धावला.

"वा पैलवान! राहू दे, राहू दे तसंच!"

काकाने वजन खाली ठेवलं. टाकलं नाही. झोपलेलं मूल ठेवावं तसं ठेवलं.

पंचांनी बाद दिलं. पहिला नंबर दुसऱ्याला गेला. फोटोत काकाची वाकलेली पाठ आली.

परत येताना एसटीत तो शहाद्यापर्यंत आपले तळहात पाहत होता. मग म्हणाला, "इंदे, घरमा सांगजो, हात सटकना."

"पण तुझा हात कुठे सटकला?"

"खरं सांगं तर मी विहीरवरतीन बादली उचली तरी पोरे ‘ऱ्हाऊ दे’ वरडतीन. आनि मी ठेवी दिसू. हाई तुले मालूम शे, माले बी मालूम शे."

घरी सगळ्यांना वाटतं की हात सटकला. आजी अजून त्याच्या मनगटाला तेल चोळते.

*

तेव्हापासून आम्ही दोघं गोठ्यामागे सराव करतो. काका वजन उचलतो आणि डोळे मिटतो. मी आधी "ऱ्हाऊ दे" म्हणायचं, त्याने ठेवायचं नाही. मग "डाऊन" म्हणायचं, तेव्हा ठेवायचं. घरात इंग्रजी मलाच येतं, कारण मी आठवीत आहे. पण वर्गात धडा वाचते तेव्हा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतच जातो. गुरुजी म्हणतात, "इंदू, आम्हालाही थोडं ऐकू दे."

मी हिराबाबांसारखं "ऱ्हाऊ दे" म्हटलं, काकाने ठेवलं. मास्तरांसारखं म्हटलं, ठेवलं. फोटोग्राफरसारखं म्हटलं, तेव्हा तर लगेच ठेवलं.

"मी ठेवस नही," काका म्हणाला. "हात ठेवतस. त्यास्ना जीव त्या शब्दमा शे."

"मग ‘डाऊन’ ऐकायची सवय करू या."

"तू बोलस कोठे? नुसतं तोंड हलावस. मन्हा डोया मिटेल राहतस. पुनामा पंच काय मन्हा कानमा येईसन सांगी?"

"मोठ्याने म्हटलं तर आप्पांना ऐकू जाईल," मी म्हटलं.

काल त्याने सगळ्यात मोठं वजन वर नेलं. तिकडे गोठ्यात आई वासराला सोडताना गड्याला सहज म्हणाली, "चारा ऱ्हाऊ दे." काकाने वजन ठेवलं. मग तो कापसाच्या ढिगात जाऊन बसला, पडला नाही. "इंदे," तो म्हणाला, "मी आप्पाले सांगी देस. वावरमा जास."

मी त्याच्या शेजारी कापसात बसले. कापूस दारातल्या उन्हाने गरम झाला होता. मला काही तरी मोठ्याने सांगायचं होतं, पण कापसात बसलं की आवाज आणखीच आत जातो. म्हणून मी त्याला फक्त इतकंच विचारलं की, उद्या अंगणात उचलशील का, ‘डाऊन’ मी म्हणेन, आणि तो म्हणाला —

आजी हाक मारते आहे.

"इंदे! ओ इंदे! आंगनमा ये व माय. हाऊ धुडकू डोया मिटीसन उभा शे. मी सांगस ऱ्हाऊ दे, तुन्ही माय सांगस ऱ्हाऊ दे, आप्पानी बी सांगं ऱ्हाऊ दे. कोनं ऐकस नही. नुसतं तुन्हं नाव लेस."

मी निघाले. अंगणात आप्पाही आहेत, आणि मला आता सगळ्यांसमोर, मोठ्याने —