चड्ढाजींसाठी तीन महिन्यांचं खत

पर्यावरण अभ्यासाच्या पदवीसाठी मी शेजाऱ्यांचा संसार जवळजवळ मोडला. अभ्यासक्रमात तसं काही दिलेलं नव्हतं.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी घरबसल्या बीए करायला घेतलं. लेक बारावीत, नवरा सकाळी सातलाच मानेसरच्या कारखान्याकडे रवाना, आणि गुरुग्राममध्ये चौदाव्या मजल्यावर मी आणि एअर प्युरिफायर. त्याचा लाल दिवा बघून बघूनच मला पर्यावरणाची गोडी लागली! दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता : घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करा, शेजाऱ्यांना द्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं तसं पत्र आणा. पत्र नाही तर मार्क नाहीत, मार्क नाहीत तर वर्ष गेलं.

तीन महिने बाल्कनीत बादली होती. पहिल्या महिन्यात असा काही वास सुटला की नवरा म्हणाला, "या घरात एक तर ही बादली राहील, नाहीतर मी." (मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला, ते त्याला लागलं.) पण शेवटी खत झालं! काळंभोर, भुसभुशीत, हातात घेऊन बघत राहावं असं.

"मम्मा, ये क्या है?" रेवाने विचारलं.

"मम्मा नाही, आई. आणि याला खत म्हणतात."

"खत? अगं पण आई, बाहेर असं नको बोलूस हां, हिंदीमध्ये खत मतलब..."

"हिंदी राहू दे तुझं! सतरा वर्षांची घोडी झालीस आणि आपल्या भाषेतला साधा शब्द येत नाही? लाज वाटायला पाहिजे!"

ती बिचारी वाक्य अर्धवट टाकून आत निघून गेली. लाज हा शब्द त्या दिवशी मीच घरात आणला, हे कबूल करते.

आमचे सेक्रेटरी चड्ढाजी बाराव्या मजल्यावर राहतात. निवृत्त, मितभाषी, कुंडीतल्या गुलाबांशीच काय ते बोलणार. त्यांची बायको, आमच्या चड्ढा भाभी, म्हणजे सोनं. रेवाला डेंग्यू झाला तेव्हा या बाईने आठ दिवस दोन्ही वेळचं जेवण पाठवलं होतं. अशा माणसांना पहिलं खत द्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं आणि लिफ्टमध्ये चड्ढाजींना एकटं गाठलं.

"चड्ढाजी, आपके लिए मैंने खत तैयार किया है!"

ते लिफ्टच्या बटणांकडे बघायला लागले. "मेरे लिए?"

"फिर? तीन महीने से रोज थोड़ा थोड़ा कर रही थी. मिस्टर को बिल्कुल पसंद नहीं, बोलते हैं फेंक दो. लेकिन मेरा मन नहीं होता."

चड्ढाजी बाराव्याऐवजी अकराव्यावरच उतरून गेले. किती संकोची माणूस, मी मनात म्हटलं.

दोन दिवस झाले, उत्तर नाही. सोमवारी प्रकल्प द्यायचा होता. शेवटी मी आवाजी मेसेज पाठवला (टाइप करायचा कंटाळा, दुसरं काय!) : "चड्ढाजी, आपका खत कब से रखा है. मिस्टर मानेसर गए हैं, अभी आके ले जाइए. नहीं तो मैं चुपचाप आपके गुलाब के नीचे रख दूँगी. किसी को बोलना मत, सबको चाहिए होगा!"

चड्ढाजींचा फोन दिवसभर स्वयंपाकघरात असतो, भाभी त्यावर भजनं ऐकत कणीक मळतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी भजन थांबलं आणि मी सुरू झाले!

दुसऱ्या दिवशी भाभी लिफ्टमध्ये भेटल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. "तबीयत ठीक नहीं क्या?" मी विचारलं. "आपसे ये उम्मीद नहीं थी," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, बादलीचा वास खाली बाराव्यापर्यंत गेला! घरी येऊन मी बाल्कनी फिनाइलने दोनदा पुसली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात भाभी, त्यांच्या मागे मान खाली घातलेले चड्ढाजी. भाभी सरळ माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाई साहब, आप भी बैठिए. इनका जो खत है, वो आज सबके सामने खुलेगा."

माझा आनंद पोटात मावेना. "अरे, इतनी सी बात! अभी लाती हूँ!"

मी धावत बाल्कनीत गेले, बादली उचलून आणली, दिवाणखान्यात मधोमध ठेवली आणि झाकण उघडलं.

"लीजिए! हाथ में लेके देखिए ना! अब बिल्कुल वास नहीं आता!"

कोणी हलेना. भाभी बादलीत बघतायत, चड्ढाजी छताकडे बघतायत, नवरा माझ्याकडे. तेवढ्यात आतून रेवा ओरडत आली.

"आई! खाद! हिंदीत खाद बोलतात त्याला! खत मतलब चिट्ठी! मी सांगत होते ना यार!"

तीन महिने, रोज थोडं थोडं, नवऱ्याला पसंत नाही, गुलाबाच्या खाली. माझंच एकेक वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहायला लागलं. त्या बादलीत उडी मारायची सोय असती तर मी मारली असती. भाभी आधी हसल्या, मग हसता हसता रडायला लागल्या. दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. माझ्या लेकीला आठ दिवस जेवू घालणारी बाई माझ्यामुळे उपाशी राहिली! मी त्यांचे हात धरले, पण "सॉरी"च्या पुढे शब्दच सुचेना. कुठल्याच भाषेत. चड्ढाजींचाही जीव भांड्यात पडला, असं म्हणतात. (मला ते किंचित हिरमुसलेले वाटले. शर्टही नवा होता.)

"हिला जरा ओरड," मी नंतर नवऱ्याला म्हटलं, "आधी नीट सांगायला काय झालं होतं?" रेवाने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मी तिचीही माफी मागितली.

संध्याकाळी भाभी स्वतः पत्र घेऊन आल्या, सोबत हलव्याचा डबा. पत्रात चड्ढाजींनी सुबक अक्षरात लिहिलं होतं : "इन्होंने घर के कचरे से खाद बनाई है. इस आयु में भी ये शिक्षा पा रही हैं." 'खाद'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, एवढं मला येतं. तरी मी ते वाक्य मराठीतच वाचलं, आणि त्यात मला एकही चूक सापडली नाही.