पाच सुपाऱ्या

सगळी मिळून जेमतेम चार तोळे चांदी. तेहेतीस वर्षांच्या सेवेत याहून कितीतरी मोठे गुन्हे माझ्या हाताखालून गेले, पण कोणी जुन्या आठवणी विचारल्या की मला आधी हाच आठवतो. कारण त्यातले अर्धे उत्तर मला पहिल्याच तासाला मिळाले होते आणि मी ते लिहून घेतले नव्हते.

तेव्हा मी नाशिकच्या कडेच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत निम्म्या नव्या इमारती, निम्मे मळे. एका दुपारी झेंडू आणि भाजीपाला करणारे एक नवरा-बायको ठाण्यात आले. देवघरातले पाचही टाक चोरीला गेले होते. टाक म्हणजे कुलदैवतांच्या प्रतिमा उठवलेले चांदीचे छोटे पत्रे. नवरा दोन भावांतला थोरला; भाऊ तीन वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. जमीन आणि विहिरीचे पाणी वाटून झाले, देव रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे राहिले. धाकटा दीड किलोमीटरवर फ्लॅटमध्ये राहायला गेला.

पंचनामा मी स्वतः केला. मला प्रत्येक वस्तू मोजून लिहायची सवय. आमचे हवालदार माझ्या पाठीमागे म्हणत, "साहेब पंचनाम्यात भिंतीवरच्या पालीसुद्धा मोजतात." त्या दिवशीही सगळे लिहिले: कुलूप शाबूत, कडी शाबूत, चांदीची समई एक, चांदीचे ताम्हण एक, लाल कापडावर तांदूळ, त्यावर सुपाऱ्या पाच. लिहिले, सही केली आणि विसरलो.

घरात बाहेरचे कोण येते, असे विचारल्यावर थोरल्याची बायको, थोरली, म्हणाली, "एक बाई येते, पेठकडच्या पाड्यावरची. फुलं तोडायला. पाणी प्यायला आत आली होती सकाळी." दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. आमच्या माहितीतल्या माणसाने त्या बाईला सराफाच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिले होते. मला एवढे पुरे झाले. मजूर बाया सकाळी कामासाठी ज्या चौकात उभ्या राहतात, तिथून आम्ही तिला जीपमध्ये बसवले. तीस-चाळीस बाया बघत होत्या.

दोन दिवसांत मिळून सात तास चौकशी केली. सूर्यास्तापूर्वी सोडायचे, सकाळी परत बोलवायचे. महिला शिपाई समोर बसलेली असे. बाई रडली नाही, पाया पडली नाही. पहिल्याच तासाला म्हणाली,

"सायेब, मला चोरायचंच असतं तर समई नसती का नेली? ती केवढी जड हाय. ते पत्रं घेऊन मी काय करू? आमचं देव येगळं."

"जास्त हुशारी दाखवू नको."

"मी म्हनले ते लिवा की."

"काय लिहायचं ते मी ठरवतो."

ते वाक्य जबाबात आले नाही. मला तो उद्धटपणा वाटला. खरे तर तो हिशोब होता, आणि हिशोबाचा माणूस मी स्वतःला म्हणवत होतो.

सराफाकडे चौकशी केली. तिने मुलीचे तुटलेले पैंजण सांधायला दिले होते. पावती होती, पैंजण दुकानातच होते. तिला सोडले. पण चौकात तिला काम देईना कोणी. महिला शिपाई सांगत आली, "साहेब, टेम्पो थांबतो, बाकीच्या बाया चढतात. ही चढायला लागली की मुकादम म्हणतो, तू नको." शनिवारी, सुटल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशीही, ती रिकामीच परत गेली. आता खरा चोर सापडला नाही तर तिला पेठला परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तिथेही ही गोष्ट तिच्याआधी पोचली असती.

रविवारी सकाळी घरी चहा पिताना मी पंचनाम्याची प्रत पुन्हा वाचत होतो. सुपाऱ्या पाच, असे मोठ्याने वाचले गेले. ओट्याजवळून सौभाग्यवतींनी विचारले, "कोणाचे देव उजळायला दिलेत?"

"म्हणजे?"

"अहो, टाक सोनाराकडे उजळायला दिले की त्यांच्या जागी सुपाऱ्या मांडतात. देवांची जागा रिकामी ठेवत नाहीत. तुम्हाला देवघर दिसतं ते दसऱ्याला, तुम्हाला काय माहीत!"

मी थोरल्याच्या घरी फोन लावला. थोरली म्हणाली, सुपाऱ्या यांनी मांडल्या असतील. फोन थोरल्याकडे गेला, तो म्हणाला, मला वाटलं हिने मांडल्या. दोघांनीही मांडल्या नव्हत्या.

मग माझा प्रश्नच बदलला. इतके दिवस मी विचारत होतो, चोरी कोणाला शक्य होती? आता विचारले, देव नेताना ज्याचा हात सुपारी मांडल्याशिवाय निघाला नाही, असा माणूस कोण? वाटणी होण्याआधी देवांची पूजा कोण करत असे, एवढेच मी थोरल्याला विचारले. तो म्हणाला, "धाकटीच करायची. बावीस वर्षं. हिचे गुडघे दुखतात ना."

त्याच दुपारी महिला शिपायाला घेऊन धाकटीच्या फ्लॅटवर गेलो. जीप कोपऱ्यावर उभी केली. घरात ती आणि नवी सून होती. चहा झाला. चोरी हा शब्द मी काढला नाही. एवढेच विचारले,

"ताई, देवांना नैवेद्य रोज दाखवता ना?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दाखवते. उपाशी कसं ठेवायचं?"

सून चमकून सासूकडे बघू लागली. धाकटीने आतून पितळी डबा आणला. पाचही टाक स्वच्छ घासलेले, गंध लावलेले.

"एका दिवसासाठी आणले होते, जुनी किल्ली होतीच माझ्याकडे. सुनेच्या हातून एकदा अभिषेक व्हावा एवढंच होतं. जाऊबाईंना मागितले तर म्हणाल्या, 'फ्लॅटमध्ये न्यायला देव काय पाहुणे आहेत का?' बावीस वर्षं मी घासले हो ते. त्याच संध्याकाळी परत ठेवायला गेले तर दारात तुमची जीप."

"आणि त्या बाईला धरलं तेव्हा?"

"दोनदा ठाण्याच्या फाटकापर्यंत आले. दोनदा परत गेले." तिने पदर तोंडाला लावला. "ते मोठं पाप झालं. देवांचं नाही, ते."

टाक जप्त करून सीलबंद केले. मुद्देमाल खोलीचे हवालदार पाकीट हातात घेऊन उभेच राहिले. "साहेब, नंबर टाकतो. पण यांना उदबत्ती लावायची का?" मी म्हणालो, लावा. नोंदीत ती लिहिली नाही. थोरलीने कोर्टात तक्रार पुढे चालवायची नाही असे नरमाईने सांगितले, बाकीचे सोपस्कार वकिलांनी केले. टाक परत मिळाले तेव्हा दोघी जावा एकत्र आल्या होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण डबा धाकटीच्या हातात होता.

या गुन्ह्याने मला शिकवले ते असे. माणूस काय नेतो यापेक्षा काय सोडून जातो ते बघावे. आणि समोरच्याकडून काही कबूल करून घ्यायचे असेल, तर त्याला ज्याची लाज वाटते तिथून सुरुवात करू नये, ज्याची काळजी वाटते तिथून करावी. सात तासांच्या दरडावण्याने जे झाले नाही, ते नैवेद्याच्या एका प्रश्नाने झाले. पुढे ठाण्यातच नव्हे, घरातही, मुलाशी बोलताना, मला हे उपयोगी पडले.

पण एक काम उरले होते. टाक सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरलीला घेऊन त्या चौकात गेलो. जिथून बाईला जीपमध्ये बसवले, तिथेच बोलायचे असे मी ठरवले होते. तितक्याच बाया उभ्या होत्या. मुकादमही होता. थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "हिने काही नेलं नव्हतं. चूक आमची झाली." मी म्हणालो, "आणि माझी."

मग मी बाईकडे वळलो. मी पुरवणी जबाबाचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि तिचे ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहून वाचून दाखवले: मला चोरायचंच असतं तर समई नसती का नेली.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "बरोबर लिवलं. पयल्या दिशी लिवलं असतं तर माझं सा रोज बुडालं नसतं."

मी मोजून पाहिले. सहाच होते.