भूषणची साडेआठची बस

सुंदरबाईनं आयुष्यात फारसे हट्ट केले नाहीत. नवरा गेला, शेत वाट्यानं दिलं, थोरला प्रेमराज सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला. जे जसं आलं तसं तिनं घेतलं. पण धाकट्या भूषणच्या बाबतीत ती एकदा अडून बसली ती बसलीच.

भूषण एकोणतीस वर्षांचा. अंगानं धडधाकट, मिशी राखलेला. चालायला पाचव्या वर्षी लागला, बोलायला सातव्या. शाळेनं त्याला चौथीपर्यंत मागच्या बाकावर बसवलं आणि मग हात टेकले. बुद्धी कमी आहे असं सरकारी कागदावर टक्केवारीसकट लिहिलेलं आहे. गावात कुणी त्याला वेडा म्हटलं, की सुंदरबाई त्या घरचं पाणी पीत नसे. त्यामुळे तिला पाणी पिण्याजोगी घरं गावात मोजकीच उरली होती.

त्याचा दोष म्हणाल तर एवढाच, की सांगितलं तेवढंच तो करायचा. एकदा चुलत्यानं त्याला बैलांना पाणी दाखवायला सांगितलं. भूषणनं बादली भरली, दोन्ही बैलांसमोर नीट धरून दाखवली आणि परत आणून ठेवली. गाव वर्षभर हसलं. बैल तहानलेले राहिले याचं सुंदरबाईला वाईट वाटलं, पण यात पोराचं चुकलं काय, हे तिला कुणी समजावून सांगू शकलं नाही.

गावापासून बारा किलोमीटरवर, दोंडाईच्यात, मेघाताईंनी भाड्याच्या दोन खोल्यांत अशा मुलांसाठी काम सुरू केलं होतं. मुलं कसली, तिशी-चाळिशीची माणसं ती. मसाल्याची पाकिटं भरायची, तोलायची, चिकटवायची. भूषणचे हात तिथं पहिल्याच दिवशी रमले. मेघाताईंची अट मात्र एक होती. "अक्का, तो आपला आपण येईल. सोडायला आणि न्यायला घरचं माणूस नको. सहा महिने लागू द्या, पण एकटा."

सुंदरबाईला ती बाई निर्दयी वाटली. घरी येऊन तिनं तिला चार शब्द सुनावलेही, अर्थात चुलीसमोर. त्याच आठवड्यात प्रेमराजचा फोन आला. आई थकत चाललीय, उद्या तिचं काही झालं तर भूषणचं काय, ही त्याची काळजी खोटी नव्हती. तो म्हणाला, "माय, आखाजीले मी येस. तो एकटा जाई-येई लागना, ते ऱ्हा आठेच. नही ते तू मनासंगे सुरतले चाल. त्याले तठली संस्थामा ठेवूत."

भूषण एकटा जाऊ-येऊ लागला तर दोघांनी इथंच राहायचं; नाहीतर आई सुरतेला प्रेमराजकडं आणि भूषण तिथल्या संस्थेत. संस्था म्हणजे उंच भिंतीच्या आत चाळीस खाटा. सुंदरबाईनं ती एकदा पाहिली होती. तिथली माणसं स्वच्छ होती, पोटभर जेवत होती आणि दिवसभर भिंतीकडं बघत बसत होती. फोन ठेवला आणि तिनं ठरवलं, पोरगं एकटं जाईल. कसंही करून जाईल.

मग दोघांची शिकवणी सुरू झाली. पहिला महिना ती बसमध्ये त्याच्या शेजारी बसली. बसच्या पाटीवर शेंडी आणि टिकली असलेलं पहिलं अक्षर दिसलं, की ती दोंडाईच्याची, हे त्याच्याकडून रोज वदवून घेतलं. दुसऱ्या महिन्यात ती त्याच्या मागच्या बाकावर गेली. हे तिला फार जड गेलं. त्याला पिशवीतला पास सापडेना की हिचे हात पुढं धावत. शेवटी मेघाताईंनी सांगितलं, हात मांडीखाली दाबून बसा. ती तशी बसू लागली. कंडक्टर किरणताई समोर उभी, भूषण पिशवीत शोधतोय, शोधतोय, मागं गाडीभर माणसं ओरडतायत, आणि आई स्वतःच्याच हातांवर बसलेली. तिला रडू येई. पण पास सापडे. तिसऱ्या महिन्यात ती शेवटच्या बाकावर तोंडावर पदर घेऊन बसली, आणि चौथ्यात निम्म्या वाटेवरच्या फाट्यावर उतरू लागली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी चार दिवस प्रेमराज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यादेखत परीक्षा ठरली. आज सुंदरबाई उंबऱ्याबाहेरही येणार नव्हती. भूषणनं भांग पाडला, डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दोंडाईचाले जाई ये, बाबा."

साडेआठची बस आली. त्यानं पाटी पाहिली आणि तो चढला. सुंदरबाईनं प्रेमराजकडं असं पाहिलं, की जणू पोरगं कलेक्टर होऊन निघालंय.

दहा वाजता मेघाताईंचा फोन आला. भूषण पोचलाच नव्हता.

सुंदरबाईला नाही नाही ते दिसू लागलं. प्रेमराज शेजाऱ्याची मोटारसायकल मागायला धावला, आणि तो ती चालू करतोय तोच समोरून बस आली आणि तीतून भूषण उतरला. भांग जागच्या जागी. डबा भरलेला.

खिडकीतून किरणताई म्हणाली, "अक्का, स्टँडवर उतरला, गाडी फिरेपर्यंत फलाटावर उभा राहिला आणि परत याच गाडीत बसला. दोन्ही वेळा पास दाखवला हो न मागता."

"पाह्यं, माय?" प्रेमराज म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "आते तरी पटनं का?"

सुंदरबाई संतापली. चार महिने हातांवर बसून काढलेले तिला आठवले. "काबर परत उना रे?" ती ओरडली.

भूषणचा चेहरा पडला. तो शाबासकीची वाट बघत उभा होता. "तूच म्हणनी, जाई ये," तो म्हणाला. "गऊ. उनू."

गेलो आणि आलो. सुंदरबाईच्या डोळ्यांपुढं ती बादली आली आणि ते दोन बैल. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पदर खोचून थोरल्याकडं वळली. "दोनदाव गाडी धरी त्याने. दोनदाव! तू पहिलांदाव सुरतले निंघना, तव्हय उधन्याले उतरी गया व्हता. तुले कोणी संस्थामा टाकं का?"

प्रेमराज मोटारसायकल परत करायला वळला. सुरतेच्या अलीकडचं स्टेशन उधना, तिथंच तो सुरत समजून उतरला होता; गोष्ट खरी होती.

मेघाताईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अक्का, त्याच्या डोक्यात शेवटचा शब्द राहतो. तुम्ही शेवटी 'ये' म्हणालात, तो आला. उद्या नुसतं 'जा' म्हणा."

"नुसतं जा?"

"नुसतं जा. परत यायचं मी इथून बघते."

हे सांगणं त्या बाईसाठी सोपं होतं. सुंदरबाईच्या घरात निघालेल्या माणसाला कुणी कधी 'जा' म्हटलं नव्हतं. आपल्या माणसाला 'जाऊन ये' म्हणायचं, निघणाऱ्यानंही 'येतो' म्हणायचं. नुसतं 'जा' हे भांडणात तोडायला म्हणतात, नाहीतर जो परत येणार नाही त्याला. तोंडातून तो शब्द काढायचा, आणि तोही या पोराला? तिला वाटलं, एक दिवस बस चुकली तरी चालेल. मग तिला त्या चाळीस खाटा आठवल्या.

सकाळी भूषण चपला घालून समोर उभा राहिला, नेहमीसारखा, सांगण्याची वाट बघत. प्रेमराज दाराशी होता. सुंदरबाईनं त्याच्या पिशवीतला डबा दोनदा चाचपून पाहिला. तिकडं वळणावर बसचा हॉर्न वाजला.

"जा," ती म्हणाली. एवढ्या जोरात, की शेजारीण बाहेर आली.

भूषण गेला. सुंदरबाईनं दिवाभर तेल घालून देवापुढं दिवा लावला आणि झालेल्या बोलण्याची माफी मागितली. सव्वानऊला फोन वाजला. "पोचला, अक्का. पाकिटं भरायलाही बसला." संध्याकाळी पाचच्या बसनं तो परत आला, मिरचीच्या वासानं शिंकत. तिसऱ्या दिवशीही गेला आणि आला. आखाजीच्या दिवशी तेवढी सुट्टी मिळाली, त्याला ती आवडली नाही.

आखाजी झाली तशी प्रेमराज एकट्याचीच पिशवी भरून निघाला. सुरतेचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि तेवढ्यासाठी सुंदरबाईनं त्याला पापडांचा डबा भरून दिला. तो आईच्या पाया पडला. "येस, माय," असा येतो म्हणून निरोप घेऊन स्टेशनकडं गेला. भूषण बाजूला उभा राहून थोरल्या भावाचं निघणं टक लावून बघत होता.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो उंबऱ्यावर उभा राहिला. सुंदरबाईनं मन घट्ट केलं आणि तोंड उघडलं, पण त्यानं तिला बोलू दिलं नाही. तो वाकून तिच्या पाया पडला. आजवर त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि या आठवड्यापर्यंत एकटं निघायची वेळच आली नव्हती, तर तो कुणाला काय सांगणार?

"येस, माय," तो म्हणाला.

बाकीचे लोक हे सवयीनं म्हणतात. भूषणनं म्हटलं म्हणजे ते तो करणार होता, अक्षर न् अक्षर. सुंदरबाईला हे गावात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

"जा," ती म्हणाली, आणि भांडी घासायला आत वळली.