सरांचा चिरूट आणि बाची चिलीम

आमच्या घरातली तंबाखू कधी बंद झाली ते मला पक्कं आठवतं, कारण बाने चिलीम फोडली तेव्हा तिचं एक खापर उडून माझ्या पायाला लागलं होतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला बा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन परत आला. अंगात कोणाकडून तरी मागून आणलेला पांढरा सदरा होता. घरी न येता तो सरळ चावडीकडे गेला; त्याला येताना पाहून मीही मागे धावलो. तिथल्या लिंबाच्या ढोलीत त्याची चिलीम ठेवलेली असे. ती काढली आणि दगडावर आपटली. चावडीवर बसलेले लोक नुसते बघत राहिले. त्यांची चिलीम एकच होती आणि ती हातोहात फिरायची. बाची वेगळी, म्हणून ती बाहेर, झाडात. बाला तंबाखू हवी असली तर तो ओंजळ धरायचा आणि वरून चिमूट पडायची. विस्तव कोणी त्याच्या हातात देत नसे. जमिनीवर ठेवत, मग बा उचलून घेई. मीही दुकानात गूळ तसाच ओंजळीत घ्यायचो. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे.

“काहून फोडली?” घरी मायने विचारलं.

“फोडली,” बा म्हणाला.

दीक्षेत नशा सोडायला सांगितली, त्यात बाने तंबाखूही धरली असणार, असं मी समजलो. मायही तसंच समजली. पुढची दोन वर्षं बाचं डोकं दुखायचं, तो जेवणात खोड्या काढायचा. माय म्हणायची, “तल्लफ याले येते अन् शिव्या मले बसते. बुद्धानं असं सांगतलं होतं काय?” बा हसायचा, पण चिलमीला त्याने पुन्हा हात लावला नाही.

मी यवतमाळला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. इतिहासाचे सर दर रविवारी सकाळी आम्हा चार-पाच मुलांना घरी बोलवायचे. अभ्यासाची पुस्तकं बाजारात मिळत नव्हती, ती त्यांच्या कपाटात होती. सर वेताच्या खुर्चीत बसून चिरूट ओढायचे. मद्रासकडून एका लाकडी पेटीत ते येत. आमच्याकडे विडीला टेंभुर्णीचं पान लागतं आणि तंबाखू आत असते. चिरुटाला बाहेरूनही तंबाखूचंच पान असतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

एका रविवारी मी एकटाच लवकर पोचलो. सर चिरुटाचाच इतिहास सांगू लागले. समुद्रापलीकडच्या बेटांवरचे लोक पानांची सुरळी करून ओढायचे. युरोपातल्या खलाशांनी ते पाहिलं. मग पोर्तुगीज जहाजांतून तंबाखू आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि विजापूरहून पुढे मोगल दरबारात गेली.

मी घाबरत विचारलं, “सर, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे तंबाखू नव्हतीच?”

“पानसुद्धा नव्हतं.”

“मग चिलीम?”

“तंबाखूच नाही, तर तंबाखूची चिलीम कुठून येणार?”

मला धक्का बसला. चावडीवरचे म्हातारे सांगायचे की वेगळ्या चिलमीचा रिवाज देवादिकांपासूनचा आहे, तो माणसाने केलेला नाही. आणि इथे तर तंबाखूच परवा-परवा जहाजातून आलेली. म्हणजे ती गावात आल्यावर कोणीतरी बसून ठरवलं असणार, की याची चिलीम आत आणि त्याची झाडात. माणसांनीच ठरवलं. माझे कान गरम झाले. हे सरांना सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात सर पुस्तक काढायला उठले. ते वरच्या फळीवर होतं. त्यांनी तोंडातला जळता चिरूट काढला आणि न बघताच माझ्यापुढे केला. “हा धर जरा.”

तोंडातली वस्तू मला आजवर कोणी दिली नव्हती. मी काय करावं? माझे दोन्ही हात आपोआप जुळले आणि खाली ओंजळ झाली. सरांना वाटलं मी धरला, त्यांनी सोडला. जळतं टोक तळहातावर पडलं. मला एवढंच सुचलं की सरांची वस्तू खाली पडू द्यायची नाही. मी तसाच उभा राहिलो.

कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा सर वळले. “अरे, टाक तो!”

मी टाकला. त्यांनी माझा हात धरून त्यावर माठातलं पाणी ओतलं. “असा का घेतलास?” त्यांनी विचारलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी फरशीवरचा चिरूट उचलला, धोतराला पुसला आणि परत तोंडात धरला. पण ओढला नाही.

पुढचे दोन रविवार मी गेलो नाही. परीक्षा महिन्यावर आली होती. सरांच्या पुस्तकांशिवाय मी नापास होणार आणि नापास झालो की वसतिगृह सुटून गावी परतणार, हे मला कळत होतं. तरी त्या दारात पाय टाकवेना. मी गावी निघून आलो.

बा अंगणात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होता. “हाताले काय झालं?”

“स्टोव्ह लागला.”

“स्टोव्ह असा तळहाताच्या मधातच लागते काय?”

मग मी सगळं सांगितलं. बाने काम थांबवलं.

“तुह्या सरानं तो भुईवरचा उचलून तोंडात घातला?”

“हो.”

“तुह्या हातावर पडलेला?”

“हो.”

“अन् तू वढला नाही?”

“आपण तंबाखू सोडली ना बा. दीक्षेत.”

बाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या गावचा होतो. “तंबाखू कोणं सोडली? म्या ते चिलीम सोडली.”

“मग दुसरी काहून नाही घेतली?”

“दुसरी कुठी ठेवली असती? त्याच झाडात. अन् तंबाखूले पुन्हा ओंजळच.”

माय दारात उभी होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “दोन वर्षं मले कायले छळलं मंग?” ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

ज्याला मी इतकी वर्षं व्रत समजत होतो ते व्रत नव्हतंच. बाने एकट्याने ठरवलेली गोष्ट होती, आणि त्याने ती आम्हालाही सांगितली नव्हती.

बाने मोळीतून बोटभर काडी मोडली. ती आपल्या ओठांना लावली, काढली आणि दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. “रविवारी जा लागते तुले. घे.”

मी हात पुढे केले. दोन्ही. जुळलेले.

बाने काडी सोडली नाही. “वरून नाही पडून राह्यली,” तो म्हणाला. “बाजूनं घे. एका हातानं. पुन्हा.”